जोडीचा पास

फ्रिडोलिन झोप्फीचा जून महिना मार्चमध्येच सुरू व्हायचा. डोंगरावर अजून पुरुषभर बर्फ असायचं, आणि हा गृहस्थ जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून, चष्मा कपाळावर चढवून, दहा जूनला सव्वाअकरा वाजता कोणत्या बाकावर बसून पाव खायचा ते ठरवत असायचा. त्या वेळी बाकावर ऊन असेल की सावली, हेसुद्धा वहीत लिहिलेलं असे. सदतीस वर्षं त्याने खोऱ्यातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखली होती. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्याला एक घड्याळ भेट दिलं. ते बारा सेकंद पुढे आहे म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी ते परत नेऊन दिलं.

गावात त्याला सगळे फ्रिडली म्हणत. वय एकोणसत्तर, लग्न केलेलं नाही. घराच्या खालच्या मजल्यावर बहीण रेगुला, वरच्या मजल्यावर हा आणि याचे नकाशे. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं जण तीन दिवस डोंगरात चालायला जायची: फ्रिडली, रेगुला आणि नदीपलीकडची सालोमे श्ट्राइफ. सालोमे पूर्वी गावच्या शाळेत शिवण शिकवायची. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. चालायला वाघीण, बोलायला मोजकी, आणि वेळापत्रकाची तिला काडीची पर्वा नव्हती. एकदा तर कुरण छान दिसतंय म्हणून ती एक स्टेशन आधीच गाडीतून उतरली, आणि मागोमाग या दोघांनाही उतरावं लागलं. त्या धक्क्यातून सावरायला फ्रिडलीला दोन दिवस लागले. मात्र ते दोन्ही दिवस आपण शीळ का घालतोय, हे त्याला काही उमगलं नाही.

या वर्षी रेगुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "तुम्ही दोघंच जा," ती म्हणाली. म्हणताना तिचा चेहरा इतका भोळा होता की दुसरा कोणी असता तर सावध झाला असता.

आणि या वर्षी आणखी एक गोष्ट होती, जी फ्रिडलीच्या वहीत कुठेच नव्हती. सालोमेच्या मुलीने, कोरीनने, आईसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, लोझानला घर शोधलं होतं. दोन खोल्या, लिफ्ट, आणि न्हाणीघरात स्टुलावर उभं राहिलं तर तळंही दिसतं म्हणे. मे अखेरपर्यंत भाडेकरार सही करून पाठवायचा होता. सालोमेने हे फ्रिडलीला एप्रिलमध्ये पुलावर सांगितलं. "काही ठरत नाही बघ," ती म्हणाली. "तुला काय वाटतं?"

'जाऊ नकोस' एवढंच फ्रिडलीला म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "लोझानला गाडी चांगली आहे. झुरिचला एकदा बदलायची. साडेतीन तासांत पोचतेस."

"हो का," सालोमे म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागली.

त्यानंतर लोझानचा विषय निघाला नाही. फ्रिडलीला वाटलं, विषय निघत नाही म्हणजे तो मिटला असावा. काही माणसांची अक्कल ठरावीक रुळांवरूनच धावते, त्याला इलाज नाही.

मेच्या मध्यावर सहल पक्की करायला तो सालोमेकडे गेला. तिच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या, दोन्हींतून ऊन. तिने कॉफी ठेवली, आणि आमच्या खोऱ्यातली ती पेस्ट्री कापली, जिच्या एका अर्ध्यात आलुबुखाराचं सारण असतं आणि दुसऱ्या अर्ध्यात बदामाचं. फ्रिडली आलुबुखाराच्या बाजूचा, सालोमे बदामाची. एक पेस्ट्री आणली की दोघांची सोय होते आणि भांडण होत नाही.

"खिंडीतून जायचं म्हणत होतीस ना तू," फ्रिडली म्हणाला, "मी वरच्या विश्रामघरात फोन लावला. रखवालदार म्हणतो, गुडघाभर बर्फ आहे, जूनच्या वीस तारखेआधी दार उघडत नाही. म्हणून एंगादिनच्या खोऱ्यात जाऊ. गुआर्दा गावाहून श्कुओल. वाट डोंगराच्या उन्हाच्या अंगाने जाते, बर्फ केव्हाच गेलेलं असतं. पहिल्या दिवशी चार तास वीस मिनिटं."

"वीस मिनिटं कसली?"

"तू फुलं बघायला थांबतेस ती."

सालोमे हसली. मग त्याने पिशवीतून पासांची पत्रकं काढून टेबलावर ओळीने मांडली, आणि त्याला खरा रंग चढला. अर्ध्या भाड्याचं कार्ड तर दोघांकडेही होतंच. ते नसलेला माणूस आमच्याकडे औषधालाही सापडायचा नाही. प्रश्न होता त्याच्या जोडीला काय घ्यायचं हा. एक, एका दिवसाचे स्वस्त पास, जे जितके आधी घ्यावेत तितके स्वस्त, पण पैसे परत नाहीत. दोन, गावच्या कचेरीतले मोजके दिवसपास, पण ते सकाळीच संपतात, कारण निवृत्त मंडळी दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली असतात. तीन, सगळ्या देशाचा वर्षभराचा पास, ज्याचा आकडा बघूनच घाम फुटतो.

"चौथा राहिला," सालोमे म्हणाली.

"कुठला?"

तिने शेवटच्या पत्रकाच्या मागच्या पानावर बोट ठेवलं. "जोडीचा. वर्षभराचाच, पण दुसऱ्या माणसाला बराच स्वस्त पडतो."

"त्याला दोघांचा पत्ता एक लागतो," फ्रिडली म्हणाला.

"वाचलंय मी."

"एकाच घरात राहावं लागतं."

"तेही वाचलंय." सालोमे कपातली कॉफी ढवळत होती. साखर ती घेत नसे. "म्हटलं, तू आकडेमोड करतोच आहेस, तर याचीही करून बघावीस."

झालं! फ्रिडलीने पेन्सिल उचलली. असा बारकाईचा प्रश्न आजवर त्याला कुणी घातला नव्हता. वर्षात आपण किती वेळा प्रवास करतो, त्यातले लांबचे किती, दातांच्या डॉक्टरकडे जाणं धरायचं की नाही, सगळं त्याने लिहून काढलं. बेरीज केली, दोनदा तपासली. सालोमे हनुवटीखाली हात घेऊन त्याच्याकडे बघत बसली होती.

"नाही जमत," शेवटी तो आनंदाने म्हणाला. "जोडीचा पास घेऊनही आपण तोट्यात. वसूल करायचा तर दर आठवड्याला एकदा चूर शहराला जाऊन यावं लागेल. आणि शिवाय, तीन दिवसांच्या सहलीसाठी घर कोण बदलतं?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

सालोमे उठली. त्याच्या ताटलीत अजून पेस्ट्रीचा तुकडा होता, तरी तिने ताटली उचलली.

"गणित बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "तुझं गणित नेहमीच बरोबर असतं, फ्रिडली."

ही शाबासकी मनात घोळवत तो पूल ओलांडून घरी आला आणि आल्या आल्या कॉम्प्युटरवर सहा दिवसपास घेऊन टाकले, दोघांचे तीन-तीन. अगदी स्वस्तात मिळाले. पैसे परत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रेगुलाला पाव द्यायला खाली गेला. ती पाय स्टुलावर टाकून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. जोडीच्या पासाची भानगड गंमत म्हणून शेवटी सांगितली.

रेगुलाने पावाला लोणी लावायची सुरी खाली ठेवली.

"परत सांग. ती काय म्हणाली?"

"जोडीच्या पासाचंही गणित कर, म्हणाली."

"आणि पत्ता एक लागतो हे तिला माहीत होतं?"

"वाचलंय म्हणाली ना. दोनदा."

"अरे ठोंब्या!" रेगुला एवढ्या जोरात ओरडली की गुडघ्यावरची पिशवी घरंगळली. "मे अर्धा सरलाय. बाईने लोझानला जायचं की नाही हे तुला पुलावर विचारलं, तर तू तिला गाडीची वेळ सांगितलीस. तरी बिचारीने लाज सोडून, तुला समजेल अशा भाषेत, पत्रकावर बोट ठेवून सांगितलं की माझ्या घरी राहायला ये. आणि तू काय केलंस? बेरीज!"

"दोनदा तपासली," फ्रिडली पुटपुटला.

"तुझं लग्न कसं झालं नाही याचं लोक नवल करतात. मला नवल वाटतं ते तू शाळेतून पास कसा झालास याचं!"

फ्रिडली खुर्चीवर बसला. कालचा सगळा प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढून गेला: साखर नसलेल्या कॉफीत फिरणारा चमचा, उचललेली ताटली. त्याला एकदम फार एकटं वाटलं. सालोमे नसलेलं गाव कसं असेल याचा त्याने आजवर विचारच केला नव्हता, आणि आता तो केला तर पुलापलीकडे बघायला काहीच उरत नव्हतं.

"मी जूनमध्ये बोलतो तिच्याशी," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी, आर्देझ गावाच्या पुढे एक बाक आहे. तिथे पंधरा मिनिटं ठेवता येतील."

"मे अखेरीला सही जायची आहे! जूनमध्ये काय त्या बाकाशी बोलणार आहेस?"

हा वेळापत्रकाचा मुद्दा होता, म्हणून त्याला लगेच पटलं. तो उठला, कोट घातला आणि पुढच्या गाडीने खोऱ्यातल्या मुख्य गावी, ग्लारुसला गेला. शहाणा माणूस सरळ पूल ओलांडून गेला असता. पण रिकाम्या हाताने कुठे जायची फ्रिडलीला सवय नव्हती, आणि कागद हातात असला की त्याला धीर यायचा.

स्टेशनवरच्या खिडकीत एक तरुण पोरगी बसली होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं कुंडेर्ट.

"जोडीचा पास हवाय," फ्रिडली म्हणाला.

"हो. दोघांचा पत्ता एकच आहे ना?"

"अजून नाही."

"मग कधीपासून होणार?"

"ते विचारायचं राहिलंय."

"गावच्या कचेरीत विचारलंत तर ते लगेच..."

"कचेरीला नाही. तिला."

पोरगी टाइप करायची थांबली. मागे रांगेत चार माणसं होती, पण तिने घाई केली नाही. खणातून एक कोरा फॉर्म काढून खिडकीखालून सरकवला. "हा घेऊन जा. दोघांची सही लागते. हा पास कधीही मिळतो काका, त्याची घाई नाही."

परतीच्या गाडीत त्याने फॉर्म मांडीवर घेतला. आपलं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि पत्त्याच्या रकान्याशी अडला. पत्ता एकच. मग कुणाचा? आजवर मनातल्या मनात जेव्हा केव्हा त्याने असलं काही चित्र रंगवलं होतं, तेव्हा सालोमेच पूल ओलांडून इकडे यायची. इथे त्याचे नकाशे होते, खिडकीतून स्टेशनचं घड्याळ दिसायचं. पण त्याच्या घरामागे डोंगर असा उभा होता की हिवाळ्यात दुपारी दोनला दिवा लावावा लागे. तिच्या दोन खिडक्या त्याला आठवल्या. तिने तर बोट ठेवून विचारलं होतं, आणि याला मात्र तिने सगळं सोडून यावं असं वाटत होतं. आपल्याला आपलीच लाज वाटण्याचा प्रसंग फ्रिडलीवर फारसा आला नव्हता. त्याने रकान्यात तिचा पत्ता लिहिला, ठळक अक्षरात.

सालोमे बागेत घेवडा लावत होती. मेच्या मध्यावर थंडी एकदा शेवटचा तडाखा देते, ते 'थंडीच्या संतांचे' दिवस उलटल्याशिवाय आमच्याकडे कुणी बी मातीत घालत नाही, आणि ते दिवस कालच उलटले होते.

"सालोमे," तो फाटकातूनच म्हणाला.

"करार पाठवला मी," ती मान वर न करता म्हणाली. "सही करून. दुपारीच टाकला."

फ्रिडली फाटक ढकलून आत आला. "कुठल्या पेटीत?"

"बसथांब्याजवळच्या."

त्याने घड्याळ पाहिलं. "ती सव्वापाचला उघडतात. आत्ता चार एकेचाळीस झालेत. अजून चौतीस मिनिटं..."

"फ्रिडली!" सालोमे ताठ उभी राहिली. हाताला माती, कपाळावर केस. ती रागावलेली त्याने कधी पाहिली नव्हती. "मला पेटीची वेळ नकोय. गाडीचीही नकोय. सहा वर्षं मी तुझ्या वेळा ऐकतेय!"

त्याने फॉर्म पुढे केला. तिने बोटं एप्रनला पुसून तो घेतला आणि वाचला. बराच वेळ वाचला. फॉर्म काही एवढा मोठा नव्हता.

"माझा पत्ता का घातलास?"

"तुझ्याकडे ऊन असतं."

"आणि गणित?"

"गणित जमत नाही. तोटाच आहे."

"मग हे कशासाठी?"

फ्रिडलीने पुन्हा घड्याळ पाहिलं. सालोमेने सुस्कारा सोडला, फॉर्मची नीट घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली आणि घरात जाऊन ओळखपत्र घेऊन आली.

"चल," ती म्हणाली. "पत्र परत मागून बघू. देतील की नाही कोण जाणे."

बसथांब्यावर चार माणसं उभी होती. त्यात खाटकाची सासू होती, म्हणजे जे घडेल ते रात्रीच्या जेवणाआधी गावभर होणार होतं. सव्वापाचला टपालाची पिवळी गाडी आली. टपाल गोळा करणारी ब्रिगिट खाली उतरली, पेटी उघडली, आणि सालोमेचं म्हणणं ऐकून घेतलं.

"तुमचंच पत्र आहे, ओळखपत्रही आहे, तर परत मिळेल," ती म्हणाली. "पण नोंद करावी लागते. कारण काय लिहू?"

सालोमेने फ्रिडलीकडे पाहिलं. "यांना विचारा."

"तिकीट," फ्रिडली म्हणाला. "तिकीट कमी लावलंय बहुतेक."

"तिकीट पुरेसं लावलंय मी," सालोमे म्हणाली.

"मग पत्ता..."

"पत्ताही बरोबर आहे."

ब्रिगिट पेन धरून उभी होती. दोन आठवड्यांपूर्वी, मेच्या पहिल्या रविवारी, ग्लारुसच्या चौकात आमचा अख्खा कँटन, म्हणजे प्रांत, मतदानाला जमला होता. तेव्हा याच फ्रिडलीने हजारो माणसांसमोर व्यासपीठावर चढून, संध्याकाळची बस बंद करू नये म्हणून असं ठणकावून भाषण केलं होतं की तिथल्या तिथे हात वर झाले आणि बस वाचली. खाटकाच्या सासूला ते आठवत होतं, कारण ती आत्ता त्याच बसची वाट बघत होती. "काय झोप्फी," ती म्हणाली, "बसबद्दल बरं तोंड उघडतं तुमचं!"

फ्रिडलीचे कान लाल झाले. त्याने खोल श्वास घेतला, आणि त्याचा भाषणाचा आवाज आपोआप लागला. रस्त्यापलीकडच्या गायींनीही माना वर केल्या.

"कारण असं लिहा," तो म्हणाला, "की तिने लोझानला जाऊ नये! मी तिला गाडीची वेळ सांगितली ती चूक झाली. मी बेरीज केली तीही चूक. ती गेली तर मला या खोऱ्यात करमणार नाही. मला तिच्याबरोबर राहायचंय, तिच्या घरी, ती म्हणेल तोवर. आणि हे मी सहा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं!"

मग खाटकाच्या सासूने हातातल्या पिशवीसकट हात वर केला, मतदानाला करतात तसा. शेजारच्या म्हाताऱ्याने केला. उरलेल्या दोघांनीही केला, त्यातला एक तर परगावचा होता.

"'वैयक्तिक' लिहिते," ब्रिगिट म्हणाली. "बाकीचं रकान्यात मावायचं नाही." तिने पत्र सालोमेच्या हातात दिलं, पेटी बंद केली आणि निघून गेली. बस आली, माणसं चढली. खाटकाची सासू मात्र पायरीवरून मागे बघत बघत चढली.

सालोमेने पत्र मधोमध फाडलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती ते लपवत नव्हती.

"माझ्या स्वयंपाकघरात बोलला असतास तर एवढी वरात निघाली नसती," ती म्हणाली.

"हो," फ्रिडली म्हणाला.

"मग कधी येतोस राहायला? कर बाबा, वेळापत्रक कर. कपाटं कुठल्या दिवशी, नकाशे कुठल्या दिवशी. मी थांबते. सवय आहे मला."

फ्रिडलीने खिशातली वही अर्धी बाहेर काढली, आणि तशीच आत ढकलली.

"आत्ता येतो," तो म्हणाला. "सामान येईल मागून."